शस्त्रसाध्य आणि किरणसाध्य : श्रोणीच्या अस्थिकर्करोगावरील दोन उपचारांच्या तुलनेचा इतिहास

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे एक द्विविध वर्गीकरण आलेले आहे. काही व्याधी शस्त्रसाध्य, तर काही स्नेहनादी क्रियांनी साध्य. या वर्गीकरणाला जोडूनच ग्रंथकाराने एक मर्यादा घातली आहे. शस्त्रसाध्य व्याधीत स्नेहनादी क्रियांना मज्जाव नाही. परंतु ज्या व्याधी स्नेहनादी क्रियांनी साध्य होतात, तेथे शस्त्रकर्म करीत नाहीत. या दोन विधानांतील विषमता लक्षात ठेवण्यासारखी आहे. एका गटातील रुग्णाला दोन्ही उपचार मिळू शकतात. दुसऱ्या गटातील रुग्णाला एकच. अशा दोन गटांतील फलांची तुलना करून एक उपचार श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असे ठरविणे कितपत युक्त होईल?

विसाव्या शतकात श्रोणीच्या, म्हणजे कमरेखालील अस्थिवलयाच्या, कर्करोगावर शस्त्रक्रिया श्रेयस्कर की किरणोपचार, हा प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला, तेव्हा त्याची मांडणी नेमकी अशीच विषम होती. प्राचीन वचनाचा आणि या आधुनिक वादाचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि ‘शस्त्रसाध्य’ हा शब्द या वादाची गुरुकिल्ली आहे. वरवर पाहता तो रोगाचे वर्णन करतो. वस्तुतः रोग, शल्यचिकित्सक व काळ या तिघांमधील संबंधाचे ते विधान असते. या शब्दाचा अर्थ ज्या ज्या वेळी सरकला, त्या त्या वेळी दोन उपचारांच्या तुलनेचे उत्तरही सरकले, असे या इतिहासातून दिसून येते.

१. स्थानाची अडचण

श्रोणीचे वलय दोन नितंबास्थी व मागील त्रिकास्थी मिळून बनते. प्रत्येक नितंबास्थीचे तीन भाग असून ते तिन्ही खुब्याच्या उखळीपाशी एकत्र येतात. या हाडाला युरोपीय शारीरशास्त्रात दीर्घकाळ ‘अनामिक अस्थी’ असे नाव होते. ज्याचा आकार कशासारखाही नाही, त्याला नाव तरी काय द्यावे, अशी ती अडचण होती. नाव देण्यास अवघड असलेले हे हाड कापण्यासही तितकेच अवघड ठरले. त्याच्या आतील बाजूस मूत्राशय व मलाशय, त्याला लगटून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, मागून उतरणारी पायाची मुख्य मज्जा, आणि उखळीत बसलेला मांडीच्या हाडाचा गोळा. शिवाय ही पोकळी ऐसपैस असल्यामुळे गाठ बाहेरून हाताला लागण्यापूर्वी पुष्कळ वाढलेली असते. हातापायाच्या हाडातील गाठीसाठी अवयव छेदून टाकण्याचा मार्ग तरी होता. श्रोणीत तो मार्गही सहज उपलब्ध नव्हता.

येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. श्रोणीचा अस्थिकर्करोग हा एक रोग नव्हे. प्रौढांत मुख्यतः आढळणारा कास्थीजन्य कॉन्ड्रोसार्कोमा, तरुणांत आढळणारा अस्थिजनक ऑस्टिओसार्कोमा आणि मुले व किशोर यांच्यात आढळणारा युइंगचा सार्कोमा हे तीन प्रमुख प्रकार होत. युइंगच्या सार्कोमाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा श्रोणीत उद्भवतो. किरणांना हे तिन्ही सारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून ‘शस्त्रक्रिया की किरणोपचार’ हा प्रश्न रोगाचे नाव घेतल्यावाचून विचारताच येत नाही. पण ही नावे मुळात कशी पडली, याचाच इतिहास या तुलनेशी गुंतलेला आहे.

२. इ. स. १८९५

श्रोणीचा अर्धा भाग पायासकट काढून टाकण्याचा पहिला ज्ञात प्रयत्न थिओडोर बिलरोट यांनी इ. स. १८९१ मध्ये केला. रुग्ण वाचला नाही. इ. स. १८९४ मध्ये फ्रान्समधील जाबुले यांनी तोच प्रयत्न केला. त्यांचाही रुग्ण दगावला. स्वित्झर्लंडमधील शार्ल जिरार यांना इ. स. १८९५ मध्ये या शस्त्रक्रियेत प्रथम यश आले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. तीन वर्षांनी क्युरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला. म्हणजे ज्या दोन उपचारांची पुढे शतकभर तुलना व्हावयाची होती, त्यांचा आरंभ एकाच वर्षात झाला. हा निव्वळ योगायोग होय. परंतु दोघांपैकी कोणालाही ज्येष्ठतेचा अधिकार नव्हता, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

शस्त्रक्रियेच्या नावांकडे पाहिले तर तिच्याविषयीची भावना कळून येते. इंग्लंडमध्ये सर गॉर्डन गॉर्डन-टेलर यांनी १९३० नंतरच्या दशकात या शस्त्रक्रियेचे तंत्र सुस्थिर केले. फिलिप वाइल्स यांच्यासह त्यांनी इ. स. १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिला शारीरशास्त्रातून घडविलेले एक लांबलचक नाव आहे. पण त्याच्याबरोबरच वापरलेले व रूढ झालेले इंग्रजी नाव खाटकाच्या दुकानातील आहे. जनावराचा मागचा चौथा हिस्सा तोडावा तसा हा छेद, असा त्याचा भाव. ‘अर्धश्रोणिच्छेदन’ या अर्थाचे सौम्य ग्रीको-लॅटिन नाव पुढे सर्वत्र चालू झाले. नाव सौम्य झाले तरी रुग्णाची हानी तेवढीच राहिली. आरंभीच्या दशकांत शस्त्रक्रियेच्या पटलावर किंवा त्यानंतर लगेच मृत्यू पावणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. रक्तदानाची व्यवस्था, बधिरीकरणातील सुधारणा आणि प्रतिजैविके यांच्यामुळे ते दुसऱ्या महायुद्धानंतर उतरले.

३. किरणाने दिलेले नाव

न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी इ. स. १९२१ मध्ये हाडाच्या एका वेगळ्या अर्बुदाचे वर्णन प्रसिद्ध केले. मूळ प्रकरण चौदा वर्षांच्या एका मुलीच्या कोपराखालील हाताच्या हाडाचे होते. गाठ अस्थिजनक सार्कोमाची असे प्रथम समजले गेले होते. रेडियमचा उपचार केल्यावर ती लक्षणीय रीतीने ओसरली. अस्थिजनक सार्कोमा असा ओसरत नाही, हे युइंग यांना ठाऊक होते. तेव्हा हा रोग तो नसावा, असा त्यांनी तर्क केला व सूक्ष्मदर्शकाखालील रूपाने त्याला पुष्टी मिळाली. युइंग यांनी दिलेले ‘अंतःस्तर-अर्बुद’ हे नाव त्यांच्या उत्पत्तीविषयीच्या कल्पनेवर आधारलेले होते व ती कल्पना पुढे टिकली नाही. रोगाला मात्र त्यांचेच नाव चिकटले.

या घटनेचा तार्किक अर्थ महत्त्वाचा आहे. सामान्यतः रोगाचे नाव आधी निश्चित होते व त्यावरून उपचार ठरतो. येथे उपचाराला मिळालेल्या प्रतिसादावरून रोगाचे नाव ठरले. किरणसाध्यता हा या रोगाच्या व्याख्येचाच एक भाग होऊन बसला. परिणामी युइंगच्या सार्कोमावर किरणोपचार करावा, हे विधान पुढील अर्धशतक जवळजवळ स्वयंसिद्ध मानले गेले. त्याची शस्त्रक्रियेशी तुलना करण्याचे कोणाला विशेष कारण दिसले नाही. गाठ ओसरे, पण बहुतेक रुग्ण पुढे फुप्फुसांत किंवा अन्य हाडांत पसरलेल्या रोगाने जात. केवळ स्थानिक उपचार उपलब्ध होता, तोवर दीर्घकाळ जगणाऱ्यांची संख्या दहांत एकाच्या आसपास होती. गाठ ओसरणे व रुग्ण वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे कटु अनुभवाने कळले.

याच काळात बॉस्टनचे अर्नेस्ट कॉडमन यांनी युइंग व ब्लडगुड यांच्या सहकार्याने हाडांच्या सार्कोमांची नोंदवही सुरू केली. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या रुग्णाचे अखेर काय झाले हे नोंदवून ठेवावे, हा कॉडमन यांचा आयुष्यभराचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी सहकाऱ्यांचा रोषही पत्करला. कोणत्याही एका शल्यचिकित्सकाला असे रुग्ण आयुष्यात थोडेच भेटत. तेव्हा अनेकांचा अनुभव एकत्र केल्यावाचून तुलनेला आधारच नव्हता. नोंदवहीने तो आधार मिळवून दिला. परंतु कोणता रुग्ण कोणत्या उपचाराकडे का पाठविला गेला, हे नुसत्या नोंदीतून उलगडत नव्हते.

४. किरणांच्या मर्यादा आणि केड यांची युक्ती

त्या काळच्या क्ष-किरण यंत्रांची शक्ती काही लक्ष व्होल्टची असे. अशा किरणांची सर्वाधिक मात्रा त्वचेवर पडते व आत जाता जाता ती झपाट्याने घटते. श्रोणीतील खोल गाठीला पुरेशी मात्रा द्यावी तर वरची त्वचा भाजे. त्यातच कमी शक्तीचे किरण मऊ ऊतींपेक्षा हाडात अधिक शोषले जातात. त्यामुळे निरोगी हाड मृत होण्याचे भय असे. इ. स. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० वापरणारी यंत्रे प्रथम रुग्णांसाठी चालू झाली. त्यांच्या किरणांची सरासरी ऊर्जा सुमारे साडेबारा लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मात्रेचा शिरोबिंदू त्वचेच्या खाली, सुमारे अर्ध्या सेंटिमीटरवर गेला. हाडातील जादा शोषणही टळले. म्हणजे १९५१ पूर्वीचा किरणोपचार व त्यानंतरचा किरणोपचार यांना एकच नाव असले तरी उपचार एक नव्हता.

किरणांची दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग भरणाऱ्या न्यू जर्सीतील कामगार स्त्रियांना हाडांचा सार्कोमा होत असल्याचे हॅरिसन मार्टलंड यांनी इ. स. १९२९ मध्ये दाखवून दिले होते. इ. स. १९४८ मध्ये केहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वी किरणोपचार झालेल्या हाडांत नव्याने उद्भवलेल्या सार्कोमाची ११ प्रकरणे प्रसिद्ध केली. हाडाचा कर्करोग बरा करणारे साधन काही वर्षांच्या अंतराने हाडाचा कर्करोग उत्पन्न करू शकते, हे यावरून सिद्ध झाले. मुलांच्या बाबतीत, ज्यांच्यापुढे अजून दीर्घ आयुष्य आहे, ही गोष्ट तुलनेत अवश्य धरली पाहिजे. पाच वर्षांच्या हिशेबात मात्र ती दिसत नाही.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील सर स्टॅनफर्ड केड यांनी ऑस्टिओसार्कोमासाठी या दोन उपचारांची एक निराळीच सांगड घातली. प्रथम पूर्ण मात्रेचा किरणोपचार द्यावयाचा. नंतर काही महिने थांबावयाचे. त्या अवधीत फुप्फुसांत रोग प्रकट झाला नाही, तरच अवयव छेदावयाचा. जो रुग्ण दूरच्या प्रसाराने जाणारच आहे, त्याचा पाय व्यर्थ कापला जाऊ नये, हा त्यामागील करुणेचा विचार होता. १३३ रुग्णांवर आधारलेला त्यांचा निबंध इ. स. १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धती मुख्यतः हातापायांसाठी होती. तथापि श्रोणीच्या संदर्भात तिचे तत्त्व बोधप्रद आहे. येथे शस्त्र व किरण हे प्रतिस्पर्धी राहिले नाहीत. किरण हा काळाची मुदत मिळविण्याचा उपाय झाला आणि त्या मुदतीत रोगानेच निवाडा दिला. परंतु छेदनाचा लाभ कोणाला झाला हे पाहू गेल्यास, ज्यांचा रोग मुळात सौम्य होता तेच छेदनापर्यंत पोहोचले, ही अडचण उरतेच.

५. ‘शस्त्रसाध्य’ शब्दाचा विस्तार

इ. स. १९७० नंतरच्या पंधरा वर्षांत तीन गोष्टी घडल्या आणि प्रश्नाचे स्वरूप पालटले.

पहिली गोष्ट औषधोपचाराची. अमेरिकेत इ. स. १९७३ मध्ये युइंगच्या सार्कोमासाठी अनेक संस्थांचा एकत्रित अभ्यास सुरू झाला व औषधांच्या संयोगाने जगणाऱ्यांचे प्रमाण वाढते हे त्याने दाखविले. श्रोणीतील गाठ असलेल्यांचे भवितव्य मात्र इतरांहून वाईटच राहिले. ऑस्टिओसार्कोमासंबंधी इ. स. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६ रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी केली होती. दोन वर्षांअखेर रोग न उलटलेल्यांचे प्रमाण केवळ शस्त्रक्रिया झालेल्या गटात शेकडा १७, तर औषधे मिळालेल्या गटात शेकडा ६६ आढळले. दूरचा प्रसार रोखता येऊ लागताच स्थानिक उपचाराचा प्रश्न प्रथमच खऱ्या अर्थाने महत्त्वाचा ठरला. जो रुग्ण आता जगणार होता, त्याची गाठ त्याच जागी उलटणे हा त्याच्या जीविताचा प्रश्न झाला.

दुसरी गोष्ट प्रतिमाशास्त्राची. इ. स. १९७१ मध्ये लंडनमध्ये संगणकीय छेदचित्रण प्रथम रुग्णावर करण्यात आले. पुढील दशकात चुंबकीय अनुनाद चित्रण आले. गाठीची कड कोठे संपते हे शस्त्र हाती घेण्यापूर्वीच दिसू लागले.

तिसरी गोष्ट फ्लोरिडातील विल्यम एनेकिंग यांच्या कार्याची. डनहॅम यांच्यासह इ. स. १९७८ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी श्रोणीतील उच्छेदनाची वर्गवारी मांडली : वरचा पसरट भाग, उखळीभोवतालचा भाग, आणि पुढील व खालचा भाग. पाय राखून केवळ हाडाचा रोगग्रस्त भाग काढावयाचा, ही कल्पना आता शिस्तबद्ध झाली. इ. स. १९८० मध्ये त्यांनी सार्कोमांच्या अवस्थांची पद्धती मांडली व छेदाच्या कडेचे चार प्रकार ठरविले. कड गाठीतून गेली, गाठीला चाटून गेली, निरोगी ऊतींतून गेली, की संपूर्ण कप्प्याबाहेरून गेली, हे प्रत्येक वेळी सांगितले जाऊ लागले. ‘शस्त्रक्रिया झाली’ एवढे म्हणणे यानंतर अपुरे ठरले.

या तिन्हींचा एकत्रित परिणाम असा झाला की, जी गाठ इ. स. १९५५ मध्ये शस्त्राच्या आवाक्याबाहेरची म्हटली गेली असती, ती १९८५ मध्ये शस्त्रसाध्य झाली. गाठ तीच, शब्द मात्र वेगळा. कॉन्ड्रोसार्कोमाच्या बाबतीत याचे महत्त्व विशेष होते. हा रोग नेहमीच्या किरणांना व औषधांना फारशी दाद देत नाही. म्हणून शस्त्रसाध्य ठरणे व बरे होण्याची आशा असणे या तेथे जवळजवळ एकाच गोष्टी होत्या.

६. तुलनेचा दोष

युइंगच्या सार्कोमाविषयी १९८० नंतर अनेक रुग्णालयांनी आपापले अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत शस्त्रक्रिया झालेल्यांत गाठ उलटण्याचे प्रमाण किरणोपचार झालेल्यांपेक्षा कमी, असे चित्र वारंवार दिसले. त्यावरून शस्त्रक्रियेचा पक्ष बळावला. पण शस्त्रक्रियेसाठी निवडलेली गाठ बहुधा लहान असे, औषधांनी आकसलेली असे, उखळीपासून व त्रिकास्थीपासून दूर असे. उरलेल्या मोठ्या व अवघड गाठी किरणोपचाराकडे जात. ज्यांची शस्त्रक्रिया अपुऱ्या कडेची झाली, त्यांना पुन्हा किरण मिळत व त्यांची गणना शस्त्रक्रियेच्या किंवा संयुक्त उपचाराच्या गटात होई. आरंभी सांगितलेली विषमता ती हीच.

हा दोष घालविण्याचा निर्दोष उपाय म्हणजे यदृच्छ विभागणी. स्तनाच्या कर्करोगात तो योजला गेला : इ. स. १९७१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या चाचणीत १,६६५ स्त्रियांवर शस्त्रक्रियेच्या व किरणोपचाराच्या निरनिराळ्या रीती ताडून पाहिल्या गेल्या. श्रोणीच्या अस्थिकर्करोगात तसे घडले नाही. रोग दुर्मिळ आहे, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. औषध द्यावे की न द्यावे हे यदृच्छेवर सोपविण्यास रुग्ण संमती देऊ शकतो. आपला खुबा काढावा की राखावा, हे नाणेफेकीवर सोडण्यास फार थोडे लोक तयार होतात.

मग उरतो तो गणिती दुरुस्तीचा मार्ग. अमेरिकेतील बालकर्करोगांच्या सहकारी गटाने इ. स. २०१५ मध्ये, सर्व स्थानांच्या मर्यादित युइंग सार्कोमाच्या ४६५ रुग्णांचे असे विश्लेषण प्रसिद्ध केले. वय, स्थान इत्यादी बाबींचा समतोल साधल्यावर, केवळ किरणोपचार झालेल्यांत गाठ त्याच जागी उलटण्याचा धोका अधिक दिसला. पण एकंदर जगण्याच्या प्रमाणात निश्चित फरक आढळला नाही. हा निष्कर्ष दोन्ही पक्षांना सावध करणारा आहे. तरीही दुरुस्ती होते ती नोंदलेल्या बाबींचीच. छायाचित्र पाहून अनुभवी शल्यचिकित्सक जेव्हा ‘ही निघणार नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याने जे पाहिलेले असते ते कोष्टकात उतरत नाही.

जपानमधील चिबा येथे इ. स. १९९४ पासून कार्बन-आयनांच्या किरणांचा उपचार सुरू झाला. हे जड कण ठरावीक खोलीवर आपली बहुतेक ऊर्जा सोडतात व त्यांचा पेशींवरील आघातही अधिक तीव्र असतो. इ. स. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात हाडांच्या व मऊ ऊतींच्या सार्कोमाचे ५७ रुग्ण होते. ते सर्व शस्त्राच्या आवाक्याबाहेरचे म्हणून निवडलेले होते. चार आठवड्यांत सोळा मात्रा देऊन बऱ्याच जणांची गाठ ताब्यात राहिली. येथे जुन्या विषमतेची दुसरी बाजू दिसते. असाध्य म्हणून बाजूला काढलेल्यांतही किरण एवढे काम करू शकतात, तर साध्य गाठीत ते किती करतील? या प्रश्नाला थेट सामोरे जाणारा अभ्यास त्रिकास्थीच्या कॉर्डोमा या दुर्मिळ अर्बुदासंबंधी इटलीच्या पुढाकाराने इ. स. २०१० नंतरच्या दशकात आखला गेला. रुग्णाने संमती दिल्यास यदृच्छ विभागणी, न दिल्यास त्याच्या पसंतीचा उपचार व काटेकोर निरीक्षण, अशी त्याची रचना आहे.

७. एकाच हाडात दोन्ही उपचार

दोन उपचारांचा सर्वांत अनपेक्षित मिलाफ इ. स. १९६८ मध्ये इस्राएलमधील स्पायरा व लुबिन यांनी सुचविला. रोगग्रस्त हाड कापून बाहेर काढावयाचे, शरीराबाहेरच त्यावर किरणांची प्रचंड मात्रा सोडावयाची, व सर्व पेशी मृत झालेले तेच हाड पुन्हा जागच्या जागी बसवावयाचे. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात, ज्याची स्थापना इ. स. १९४१ मध्ये झाली, ही पद्धती पुढे नियमितपणे वापरली गेली. एकाच बैठकीत ५० ग्रेची मात्रा दिली जाते. जिवंत शरीराला ती एकदम देता येणार नाही. महागडा कृत्रिम सांधा न परवडणाऱ्या रुग्णाला स्वतःच्याच हाडाचे अचूक मापाचे रोपण त्यामुळे मिळते, ही गोष्ट आपल्याकडे गौण म्हणता येणार नाही. अशा रुग्णाची गणना शस्त्रसाध्यांत करावी की किरणसाध्यांत? याच संस्थेच्या नवी मुंबईतील खारघर येथील केंद्रात इ. स. २०२३ मध्ये प्रोटॉन किरणांचा उपचार सुरू झाल्याने मराठी मुलखातील रुग्णाच्या बाबतीतही ही सीमारेषा पुन्हा हलली आहे.

८. उपसंहार

या इतिहासाचा निष्कर्ष एका उपचाराच्या बाजूने निकाल देणारा नाही. रोगपरत्वे काही गोष्टी निश्चित आहेत : कॉन्ड्रोसार्कोमात, व शक्य तेथे ऑस्टिओसार्कोमातही, शस्त्रक्रियेला अग्रस्थान आहे, युइंगच्या सार्कोमात शस्त्र, किरण किंवा दोन्ही यांचा निर्णय गाठीचे स्थान, तिचा आकार व औषधांना मिळालेला प्रतिसाद पाहून करावा लागतो. त्यापलीकडे, ‘शस्त्रसाध्य’ व ‘असाध्य’ हे शब्द ज्या ज्या कागदावर येतील, तेथे त्यांच्याबरोबर तीन गोष्टी वाचल्या पाहिजेत : कोणाच्या हाती, कोणत्या वर्षी, आणि कोणती किंमत देऊन.

शेवटची गोष्ट रुग्णाच्या वाट्याची आहे. शस्त्रक्रियेची किंमत आज दिसते : चाल, खुबा, कधी मूत्रमलविसर्जनावरील ताबा. किरणांची किंमत पुष्कळदा वीस वर्षांनी दिसते : मुलाच्या वाढत्या हाडाचा खुंटलेला आकार, वंध्यत्व, क्वचित नवा सार्कोमा. पहिली किंमत लगेच डोळ्यांत भरते, दुसरी अहवालाच्या मुदतीबाहेर राहते. एका गटाची फले व दुसऱ्याची फले शेजारी मांडून बेरीज-वजाबाकी करणाऱ्या कोष्टकाला हा हिशेब पेलत नाही. तो रुग्णापुढे, त्याला कळेल अशा शब्दांत, पूर्णपणे मांडणे हे चिकित्सकाचे कर्तव्य होय. आणि त्या शब्दांचा अर्थ कसकसा बदलत आला याची जाणीव असणे, हा त्या कर्तव्याचाच एक भाग होय.